स्वस्त तिकिटाचा जमाखर्च

सन २००३ मध्ये एअर डेक्कनने हुबळी-बंगळूर विमानसेवा सुरू केली आणि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांनाही आकाश परवडू लागले. ती कंपनी २००८ साली किंगफिशरमध्ये विलीन झाली, २०१२ मध्ये किंगफिशरचीही उड्डाणे थांबली. स्वस्त विमानाची चटक मात्र टिकली. मुंबईची खरेदी आटोपून गोवा पाहण्यास निघालेले आमचे बंधू आता प्रथम विमानच शोधतात. वास्तविक कोकण रेल्वे १९९८ पासून अखंड सुरू असून २०२२ मध्ये तिचे संपूर्ण विद्युतीकरण झाले. वीज बहुतांशी कोळशाचीच, हे खरे. तरीही माणशी धूर विमानाहून पुष्कळच कमी. वेळ वाचतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण विमानतळावर ताटकळण्याचे तास आणि टॅक्सीभाडे कोणत्या खात्यावर मांडावयाचे? शिवाय रत्नागिरीनजीकचा पानवलचा उंच पूल विमानातून कसला दिसणार!