बोल्ट बसले म्हणजे इंजिन जुळलं?
फोर्डच्या ‘क्लीव्हॉर’बद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या फोर्ड गाड्यांचे शौकीन जमले की ‘क्लीव्हॉर’चा विषय निघतोच. खाली विंडसर घराण्याचा ब्लॉक आणि वर क्लीव्हलँड घराण्याची हेड्स, असं हे मिश्र व्ही-८ इंजिन आहे. त्याला हायब्रिड म्हणतात, पण त्यात ना बॅटरी असते ना मोटर. विंडसरचा ब्लॉक मुबलक मिळायचा, कारण ते इंजिन १९९०च्या दशकापर्यंत बनत राहिलं. ३५१ क्लीव्हलँड मात्र अमेरिकेत १९७४ सालीच बंद झालं. त्याच्या हेडमधून हवा भरपूर जाते, ही त्याची ख्याती. तेव्हा एकाचं वरचं आणि दुसऱ्याचं खालचं घेण्याचा मोह साहजिक आहे. त्या मोहाभोवती गैरसमजही बरेच जमले आहेत.

गैरसमज : हा नुसता जुगाड आहे, कंपनी असलं काही करत नाही.

वस्तुस्थिती : हे आधी खुद्द फोर्डनेच केलं. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती. त्या शर्यतीसाठी फोर्डने १९६९ साली मस्टँगमध्ये ‘बॉस ३०२’ इंजिन आणलं. ब्लॉक विंडसर घराण्यातल्याच ३०२चा, पण मजबूत केलेला होता. हेड्स तेव्हा येऊ घातलेल्या क्लीव्हलँडच्या धाटणीची होती. कागदावर त्याची ताकद २९० अश्वशक्ती होती. १९७० साली ट्रान्स-अ‍ॅमचं उत्पादकांचं विजेतेपद फोर्डने याच इंजिनाच्या जोरावर मिळवलं. फरक इतकाच की पाण्याच्या वाटांपासून पिस्टनपर्यंत सगळा विचार कारखान्यातच झाला होता. घरी इंजिन बांधणाऱ्याला तो स्वतः करावा लागतो.

गैरसमज : दोन्ही इंजिनं ३५१ची, म्हणजे सुटे भाग अदलाबदल होणारच.

वस्तुस्थिती : ३५१ हा फक्त घन इंचांचा आकडा आहे. बोअर ४ इंच आणि स्ट्रोक साडेतीन इंच, हेही दोन्हीकडे सारखं आहे. साम्य जवळपास इथेच संपतं. विंडसरच्या क्रँकचे मुख्य जर्नल ३ इंचांचे, तर क्लीव्हलँडचे पावणेतीन इंचांचे. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची विंडसरमध्ये सुमारे साडेनऊ इंच आहे आणि क्लीव्हलँडमध्ये सुमारे ९.२ इंच. ३०२मध्ये ती आणखी कमी, सुमारे ८.२ इंच. व्ही आकाराच्या इंजिनात ब्लॉक उंच झाला की दोन हेड्समधलं अंतरही वाढतं. म्हणून ३०२वर बसणारा इनटेक मॅनिफोल्ड ३५१ विंडसरवर तोकडा पडतो. मॅनिफोल्ड घ्यायचा तो ब्लॉकची उंची बघून.

गैरसमज : बोल्टची भोकं जुळली की काम झालं.

वस्तुस्थिती : भोकं खरंच जुळतात. दोन्ही घराण्यांत सिलिंडरमधलं अंतर आणि हेड बोल्टची मांडणी एकच आहे. ३०२चे बोल्ट ७/१६ इंचाचे आणि क्लीव्हलँड हेडची भोकं अर्ध्या इंचाची, एवढी अडचण येते. तीही बुश घालून सुटते.

खरा तिढा पाण्याचा आहे. क्लीव्हलँडमध्ये हेडमधून फिरलेलं पाणी पुन्हा ब्लॉकच्या पुढच्या भागात उतरतं आणि थर्मोस्टॅटही तिथेच असतो. त्यामुळे त्याचा इनटेक मॅनिफोल्ड कोरडा राहतो. विंडसरमध्ये तेच पाणी हेडमधून मॅनिफोल्डमध्ये जातं आणि तिथल्या थर्मोस्टॅटमधून रेडिएटरकडे. क्लीव्हलँडचं हेड आहे तसं विंडसर ब्लॉकवर ठेवलं, तर त्याच्या परतीच्या वाटेला खाली जागाच नाही. म्हणून हेडच्या खालच्या पृष्ठभागावरची ती वाट पक्की बुजवतात आणि मॅनिफोल्डकडच्या बाजूला नवं भोक पाडतात. बुजवलेला भाग हेडच्या पृष्ठभागाशी समतल नसेल तर गॅस्केट तिथून गळणार, हे ठरलेलंच.

तेलाच्या बाबतीत मात्र नशीब साथ देतं. दोन्ही इंजिनांत रॉकरपर्यंत तेल पोकळ पुशरॉडमधून चढतं, त्यामुळे वेगळी नळी लागत नाही. प्रत्येक जोडीत असं सुख नसतं. होंडाच्या बी-१८-बी ब्लॉकवर व्हीटेकचं हेड चढवतात, तेव्हा त्या ब्लॉकमध्ये व्हीटेकसाठी तेलाची वाटच नसते आणि ते बाहेरून नळीने न्यावं लागतं.

गैरसमज : हेड बदललं तरी पिस्टन जुनेच चालतात.

वस्तुस्थिती : विंडसरचे व्हॉल्व्ह एका ओळीत असतात. क्लीव्हलँडचे दोन दिशांना कललेले असतात, शिवाय मोठे. जुन्या पिस्टनवरच्या खाचा भलत्याच जागी येतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. अंदाजाने हे ठरत नाही, म्हणून पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापतात. त्यावर गॅस्केटसह हेड बसवतात, क्रँक हाताने दोन फेरे फिरवतात आणि हेड उतरवून माती सुरीने कापतात. सर्वांत पातळ जागी इनटेककडे साधारण २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टकडे अडीच मिलिमीटर उरले तर निभावलं. पुशरॉडची लांबीही अशीच मोजून ठरवावी लागते.

कॉम्प्रेशनचंही तसंच. ३५१च्या एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ७२१ सीसी आहे. गॅस्केट, खाचा वगैरे मिळून १२ सीसी धरू. चेंबर ६३ सीसीचं असेल तर कॉम्प्रेशन १०.६ येतं, ७५ सीसीचं असेल तर ९.३. क्लीव्हलँडची हेड्स बंद आणि उघड्या चेंबरची, अशी दोन्ही प्रकारची निघाली. ऑस्ट्रेलियातल्या ३०२ क्लीव्हलँडच्या छोट्या बंद चेंबरच्या हेड्सना अमेरिकेत मागणी आहे, ती याच हिशेबामुळे.

गैरसमज : ‘४व्ही’ म्हणजे सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आणि मोठं तोंड म्हणजे जास्त ताकद.

वस्तुस्थिती : ‘व्ही’ कार्बोरेटरच्या व्हेंच्युरीचा आहे. २व्ही असो की ४व्ही, व्हॉल्व्ह सिलिंडरमागे दोनच. ४व्ही हेडचा इनटेक व्हॉल्व्ह २.१९ इंचांचा, २व्हीचा २.०४ इंचांचा आणि ४व्हीचे पोर्टही बरेच मोठे. वरच्या आरपीएमला ते उपयोगी पडतात. रोजच्या रस्त्यावर, कमी आरपीएमला, त्या मोठ्या वाटेत हवेचा वेग पडतो आणि गाडी सुस्त वाटते. रस्त्यावर चालवायच्या ३०२ला म्हणूनच बरेच जण २व्ही हेड पसंत करतात.

गैरसमज : जुने भाग जोडले की स्वस्तात पडतं.

वस्तुस्थिती : ब्लॉक आणि हेड स्वस्तात मिळालं, तरी मशीन शॉपचं काम, नवे पिस्टन, पुशरॉड आणि खास मॅनिफोल्ड हा खर्च टळत नाही. आता विंडसरसाठी चांगली अ‍ॅल्युमिनियमची तयार हेड्स मिळतात. ती बिडाच्या हेडपेक्षा हलकी असतात आणि पाण्याच्या वाटा आधीच जुळलेल्या असतात. नुसती ताकद हवी असेल तर तो रस्ता सरळ आहे. कललेल्या व्हॉल्व्हचं फोर्डच हवं असेल, तर मात्र क्लीव्हॉरला अर्थ आहे.

अशी तयार जोडी विकत घेणाऱ्याने हेड कोणतं, हे विचारून थांबू नये. पाणी कुठून काढलंय, पिस्टन कोणते घातलेत, चेंबर किती सीसीचं आणि मॅनिफोल्ड कोणत्या उंचीच्या ब्लॉकचा, हे चार प्रश्न विचारावेत. विकणाऱ्याकडे मोजलेले आकडे नसतील, तर किंमत सुट्या भागांचीच लावावी.