पोत्यातील बटाटा : कंदधारणेत मातीच्या तापमानाचे महत्त्व

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीस लागून असलेले, यंत्रमागांच्या व्यवसायाने वाढलेले गाव आहे. अशा दाट वस्तीत परसाची जागा थोडी, गच्ची मात्र बहुधा मोकळी असते. त्यामुळे पोत्यात, पिंपात किंवा मोठ्या कुंडीत बटाटा लावण्याची कल्पना आकर्षक वाटते. या पद्धतीसंबंधी एक समज रूढ आहे. तो असा की, रोप वाढेल तशी पोत्यात मातीची भर घालीत गेल्यास खोडाच्या प्रत्येक थरावर नवे बटाटे लागतात, आणि पोते जितके उंच तितके उत्पन्न अधिक. हा समज वनस्पतीच्या रचनेशी कितपत जुळतो, याचा विचार येथे केला आहे.

बटाटा हे मूळ नव्हे. ते खोडाचे रूपांतर, म्हणजे ग्रंथिक्षोड होय. त्यावरील डोळा आणि उसाच्या कांडीवरील डोळा हे तत्त्वतः एकच. दोन्ही अंकुर होत. लावलेल्या बेण्यापासून कोंब वर येतो आणि त्याच्या जमिनीखालील पेरांपासून आडव्या फांद्या फुटतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना तिरश्चर म्हणतात. या फांद्यांची टोके फुगून कंद तयार होतात. लवकर तयार होणाऱ्या जातींत असे तिरश्चर मुख्यतः तळाच्या काही पेरांपासूनच निघतात. वरची पेरे उशिरा मातीखाली गेली तरी तेथे कंद क्वचितच धरतात. भर देण्याचा खरा उपयोग निराळा आहे. वाढते कंद उजेडापासून आणि उन्हापासून झाकले जावेत, हा तिचा हेतू होय.

तिरश्चर फुटले म्हणजे कंद धरलाच, असेही नाही. कंदधारणेचा संकेत पानांतून खाली येतो, हे ग्रेगरी यांनी 1956 साली प्रसिद्ध केलेल्या कलमांच्या प्रयोगांनी सूचित केले होते. 2011 साली त्या संकेताचे काम करणारे प्रथिन ओळखले गेले. एस.पी.6ए या नावाचे हे प्रथिन फुलोरा आणणाऱ्या प्रथिनांच्या कुलातील आहे. उष्णतेने त्याची निर्मिती दबते. परिणामी पाने हिरवीगार आणि खोड उंच वाढते, पण अन्नरस कंदाकडे वळत नाही. सामान्य जातींत रात्रीचे तापमान 20 अंश सेल्सियसच्या वर राहू लागले की कंदधारणा मंदावते. 15 ते 20 अंशांची माती तिला सर्वांत अनुकूल असते. भरघोस पाला दिसूनही पोते रिकामे निघते, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

कबनूरच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली हंगामाची. कोल्हापूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान 15 अंशांच्या आसपास उतरते. मार्चमध्ये दुपारचा पारा 35 अंशांकडे जातो. लागणीनंतर साधारण 30 ते 40 दिवसांनी कंद धरू लागतात. म्हणून नोव्हेंबरच्या प्रारंभी लागण केल्यास हा नाजूक काळ ऐन थंडीत येतो आणि 80 ते 90 दिवसांत पीक निघते. पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर खरिपातही बटाटा घेतात. परंतु त्या उंच, थंड पठाराचा दाखला पंचगंगेच्या सखल खोऱ्यास लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट पोत्याची. शेतातील माती एका पृष्ठभागाने तापते, गच्चीवरील पोते चारही बाजूंनी आणि खालील स्लॅबच्या उष्णतेनेही तापते. काळ्या प्लॅस्टिकमध्ये हा दोष वाढतो. तागाच्या गोणपाटातून पाणी झिरपून वाफ होते आणि माठाप्रमाणे आतील माती थंड राहते. मात्र ते लवकर सुकते, म्हणून पाणी थोडे पण नियमित द्यावे लागते. माती कधी कोरडी, कधी चिंब झाल्यास कंद तडकतात. पोते विटांवर ठेवावे, पश्चिमेचे ऊन अडवावे आणि वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. ऊसपट्ट्यात पाचटाची उणीव नसते.

या भागातील काळी माती उसास उत्तम असली तरी एकटी पोत्यात भरू नये. ती पाणी धरून बसते आणि सुकताच भेगाळते. पोयटा दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि वाळू एक भाग असे मिश्रण योग्य ठरते. दर बेण्यामागे 10 ते 15 लिटर माती असावी. दोन-तीन डोळ्यांचे, 30 ते 50 ग्रॅम वजनाचे निरोगी बेणे सुमारे 10 सेंटिमीटर खोल लावावे. बाजारातील खाण्याच्या बटाट्यातून रोग येण्याचा संभव असल्याने प्रमाणित बेणे श्रेयस्कर. जातींपैकी 1972 साली प्रसारित झालेली ‘कुफरी लवकर’ नावाप्रमाणेच लवकर येते. 2006 सालची ‘कुफरी सूर्या’ उष्णता अधिक सोसते.

उत्पन्नाची अपेक्षा हिशेबाने ठरवावी. भारतातील सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे 25 टन आहे. 60 सेंटिमीटर बाय 20 सेंटिमीटर अंतराने हेक्टरी सुमारे 83,000 झाडे बसतात. म्हणजे झाडामागे 300 ग्रॅम पडतात. तीन बेण्यांच्या पोत्यातून सुमारे एक किलो बटाटा मिळाला तर तो शेताच्या तोडीचा ठरतो.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. उजेड लागून हिरवे पडलेले बटाटे खाऊ नयेत. त्यांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये वाढतात आणि ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत. गोणपाट फाटले असल्यास कंद उघडे पडतात, तेव्हा ते वेळीच शिवावे किंवा झाकावे.

सारांश, पोत्यातील बटाट्याचे यश पोत्याच्या उंचीवर अवलंबून नाही. थंडीचे मोजके दिवस साधणे आणि त्या दिवसांत मुळाशी गारवा राखणे, यांवर ते अवलंबून आहे.