मोठा पट्टा, लांब सुई, पुरेसा वेळ

रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा सगळ्यांना एकाच मापाचा चालत नाही. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीने दंडाचा निदान 80 टक्के घेर व्यापायला हवा. दंड जाड आणि पट्टा लहान असला, तर धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. एरवी अशा चुकीने फार तर दवाखान्याची एखादी फेरी वाढेल. पण बाई सात महिन्यांची गरोदर असेल, तर वाढलेला रक्तदाब म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची, गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराची शंका. मग लघवीतली प्रथिनं तपासा, रुग्णालयात दाखल व्हा, गोळ्या सुरू करा, आणि कधी कधी तर दिवस भरण्याआधीच बाळंतपण उरकायचा विचार. एवढं सगळं एका तोकड्या पट्ट्यामुळे होऊ शकतं.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2018 साली लठ्ठपणा असलेल्या गर्भवतींच्या देखभालीची मार्गदर्शिका काढली. तिच्यात योग्य मापाच्या पट्ट्याचा मुद्दा स्पष्ट लिहिलेला आहे. इतकी साधी गोष्ट लिहून का ठेवावी लागली, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो. जास्त वजनाच्या गर्भवतीला आपली व्यवस्था सल्ला भरपूर देते. तिच्या शरीराला लागणारी साधनं आणि माहितगार माणसं मात्र जवळ ठेवत नाही. ‘विशेष देखभाल’ म्हणतात ती ही उणीव भरून काढण्यासाठी आहे.

एडिंबरामध्ये तसा प्रयत्न झाला. तिथल्या रॉयल इन्फर्मरीत सिम्पसन यांच्या नावाचं प्रसूती केंद्र आहे. 1847 साली याच शहरात बाळंतवेणांसाठी क्लोरोफॉर्म वापरणारे ते जेम्स यंग सिम्पसन. या रुग्णालयात 2008 साली, 40 किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या गर्भवतींसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालू झाला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन 102 किलोच्या पुढे गेलं की तो 40 होतो. इथे प्रसूतितज्ज्ञ, सुईणी, आहारतज्ज्ञ आणि चयापचयाचे डॉक्टर मिळून तिची काळजी घेतात.

इतक्या जणांची गरज का पडते, हे कळायला शरीरात काय घडतं ते पाहावं लागेल. गरोदरपणात वार जी संप्रेरकं सोडते, त्यांच्यामुळे आईच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीइतकी दाद देत नाहीत. हा निसर्गाचाच बेत आहे. आईच्या रक्तात साखर थोडी जास्त वेळ राहिली तर ती बाळापर्यंत पोचते. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून तोल सांभाळतं. पण जादा चरबीमुळे इन्शुलिनला विरोध आधीपासूनच असेल, तर वारेची भर पडल्यावर स्वादुपिंड कमी पडतं आणि गर्भावस्थेतला मधुमेह होतो. चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं सतत रक्तात उतरतात, आणि प्रीएक्लॅम्प्सियाच्या वाढलेल्या धोक्यामागे त्यांचाही हात मानला जातो. शिवाय गरोदरपणात रक्त लवकर गोठण्याच्या तयारीत असतं, म्हणजे बाळंतपणात रक्तस्राव आवरता येतो. वजन जास्त आणि हालचाल कमी असेल, तर हीच तयारी पायाच्या शिरेत गुठळी करू शकते.

या प्रत्येक धोक्यावर उपाय आहे, पण तो नेहमीच्या मापात बसत नाही. गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या एनॉक्सापॅरिन इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो. नव्वद किलोपर्यंत 40 मिलिग्रॅम, 91 ते 130 किलोला 60, त्यापुढे 80. सवयीने सगळ्यांना 40 लिहिलं, तर जिला त्याची सर्वांत जास्त गरज तिलाच ते अपुरं पडतं. बाळाची वाढ पोटावर टेप लावून मोजायची रूढ पद्धत इथे भरवशाची राहत नाही, म्हणून बीएमआय 35 च्या पुढे असेल तर ठरावीक अंतराने सोनोग्राफी करायला सांगतात. सोनोग्राफीच्या लहरीही चरबीच्या थरातून जाताना क्षीण होतात. दाट धुक्यात गाडीच्या दिव्यांचा झोत जसा थोड्याच अंतरावर विरतो, तसं काहीसं. बाळाच्या हृदयाचे कप्पे किंवा पाठीचा कणा पहिल्या खेपेला नीट दिसेलच असं नाही. त्यासाठी जास्त वेळ लागतो, कधी पुन्हा बोलवावं लागतं.

भूलतज्ज्ञाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कण्यात भुलीची सुई देताना भूलतज्ज्ञ पाठीचे मणके बोटांनी चाचपून जागा ठरवतो. चरबीच्या थराखाली मणके हाताला लागत नाहीत, आणि एपिड्युरलची नेहमीची आठ सेंटिमीटरची सुई क्वचित तोकडी पडते. लांब सुई तयार ठेवावी लागते, सोनोग्राफीने मधली रेषा शोधावी लागते. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके मंदावले आणि घाईने पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड, आणि शरीरातला प्राणवायूचा साठा लवकर संपणारा. म्हणून 40 च्या पुढे बीएमआय असलेल्या प्रत्येक गर्भवतीची भूलतज्ज्ञाशी कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी भेट व्हावी, असं रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगते. या भेटीत वजन कमी करा असं सांगून काही साधणार नसतं. कुठली सुई, कुठल्या बाजूने, कळा सुरू झाल्यावर किती लवकर, हे ठरवायचं असतं. बाईला आपल्यासाठी कोणीतरी तयारी करून ठेवली आहे हे कळतं, आणि तिची भीती खूपशी तिथेच ओसरते.

एडिंबराच्या विभागाचा काही उपयोग झाला का? तिथल्या संशोधकांनी 2017 साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात हजाराहून अधिक गर्भवतींच्या नोंदी तपासून विशेष विभागात आलेल्या आणि नेहमीची देखभाल मिळालेल्या बायकांची तुलना केली. विशेष विभागातल्या बायकांमध्ये मधुमेहाची तपासणी जास्त जणींची झाली आणि तो सापडलाही जास्त जणींत. पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण कमी होतं. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. जास्त काळजी घेणाऱ्या बायकाच विशेष विभागात गेल्या असतील, ही शक्यता उरतेच. तरीही दिशा समजण्यासारखी आहे: नीट शोधलं की आजार सापडतो, आणि सापडला की आवरता येतो.

पण दाराशी पोचलेली बाई आत टिकली तरच हे सगळं. बायका काय सांगतात, याचे अभ्यास गेल्या दोन दशकांत ब्रिटन आणि स्वीडनमध्ये बरेच झाले. डेबी स्मिथ आणि टीना लॅव्हेंडर यांनी 2011 साली अशा मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्याच वर्षी वायव्य इंग्लंडमधल्या 35 च्या पुढे बीएमआय असलेल्या गर्भवतींशी बोलून क्रिस्टीन फर्बर आणि लिंडा मॅकगोवन यांनी जे लिहिलं, ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. या बायकांना पदोपदी अपमान वाटत होता. सोनोग्राफीच्या खोलीत बाळाचं पहिलं दर्शन व्हावं, तिथे चर्चा तिच्या पोटावरच्या चरबीची. होणारी आई म्हणून कौतुक नाही. कागदावर ‘जोखमीची’ असा शेरा, आणि तो का हे समजावणारं कोणी नाही.

याच अभ्यासांतून उलटी बाजूही दिसते. वजनाचा विषय काढायला सुईणी आणि डॉक्टरच संकोचतात. दुखावेल म्हणून बोलत नाहीत, आणि मग बाईला अचानक एखाद्या कागदावरून कळतं की तिला मधल्या काळात चार जास्तीच्या तपासण्या लागणार आहेत. बायकांची मागणी गोड बोलण्याची नसते. माझ्या शरीरामुळे नेमका कुठला धोका किती वाढतो, त्यासाठी तुम्ही काय करणार, मी काय करू, एवढं समोर बसून सांगा, असं त्या म्हणतात. हे सांगायला दहा मिनिटं जास्त लागतात. साध्या ओपीडीत ती दहा मिनिटं नसतात. विशेष विभागाचं खरं भांडवल तीच.

आणि सांगायचं ते प्रमाणात सांगायला हवं. ‘धोका दीडपट’ या शब्दांनी गर्भवतीची झोप उडते. 2014 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. आईचा बीएमआय 20 असेल तर दहा हजारांत सुमारे 40 बाळं मृत जन्माला येतात, 30 असेल तर सुमारे 59. वाढ दीडपटीच्या जवळ आहे आणि गंभीर आहे, पण 30 बीएमआयच्या दहा हजारांतल्या 9,940 हून जास्त जणींवर ही वेळ येत नाही. इंग्लंडमध्ये बाळंतपणाच्या वेगवेगळ्या जागांची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. आधी बाळंतपण झालेल्या, बाकी निरोगी आणि 35 च्या पुढे बीएमआय असलेल्या बायकांपैकी 21 टक्के जणींना डॉक्टरी हस्तक्षेप किंवा गुंतागुंतीला सामोरं जावं लागलं. नेहमीच्या वजनाच्या पहिलटकरणींमध्ये हे प्रमाण 53 टक्के होतं. म्हणजे पहिलं बाळंतपण आहे की दुसरं, हा प्रश्न काट्यावरच्या आकड्याइतकाच विचारायला हवा.

मग आहार-व्यायामाचं काय? लंडन आणि इतर ब्रिटिश शहरांत झालेल्या ‘अपबीट’ चाचणीत 1,555 लठ्ठ गर्भवतींपैकी निम्म्यांना आठ आठवडे आहार आणि व्यायामाचं सखोल मार्गदर्शन दिलं. 2015 साली निकाल आले. वजन थोडं कमी वाढलं, पण मधुमेहाचं आणि आकाराने मोठ्या बाळांचं प्रमाण कमी झालं नाही. त्याच वर्षी लठ्ठ गर्भवतींना मधुमेहावरचं मेटफॉर्मिन देऊन पाहिलेल्या ब्रिटनमधल्या ‘एम्पावर’ चाचणीत बाळाच्या वजनात फरक पडला नाही. चांगलं खाणं-चालणं व्यर्थ आहे असा याचा अर्थ नाही. पण सगळी शिस्त पाळूनही जिला मधुमेह झाला, तिला ‘तुम्हीच ऐकलं नसेल’ असं म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला विज्ञानाने दिलेला नाही.

बीएमआयची रेघ नेमकी कुठे आखायची, या प्रश्नाचा मोठा धागा पुण्यातून जातो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना झाली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची साडेतीन. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. अशाच कारणांनी आशियाई माणसांसाठी 23 पासूनच सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 साली सुचवलं. बीएमआय 26 असलेली पुण्या-नाशिकची गर्भवती एडिंबराच्या विभागात कधीच पाठवली जाणार नाही, पण तिच्या इन्शुलिनचं गणित तिकडच्या कितीतरी जाड बाईसारखं असू शकतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रियांचा बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त होता, आणि जवळपास 19 टक्के स्त्रिया अजून कमी वजनाच्या. एकाच ओपीडीच्या रांगेत दोघी शेजारी बसतात, आणि घरी दोघींनाही सासू सांगते, ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.’ एकीला ते हवंच आहे. दुसरीला साखरेच्या तपासणीची गरज आहे. आपल्याकडे जेवण झालेलं असो-नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजायची सोपी पद्धत सर्व गर्भवतींसाठी सांगितलेली आहे. ती पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या पुढे व्हायला हवी.

एक गोष्ट मात्र अजून नीट झालेली नाही: गरोदरपणाच्या आधीची आणि नंतरची काळजी. तीस किंवा त्याहून जास्त बीएमआय असेल तर फॉलिक अॅसिडचा 5 मिलिग्रॅमचा मोठा डोस गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायला रॉयल कॉलेजच्या 2018 च्या मार्गदर्शिकेने सांगितलं होतं. पण गर्भवतींचा विभाग बाईला भेटतो तो तिसऱ्या महिन्याच्या आसपास. ज्या मज्जानलिकेच्या जडणघडणीसाठी ते द्यायचं, ती बाळाची नलिका तोवर कधीच बंद झालेली असते. बाळंतपण झाल्यावर सहा आठवड्यांत त्या विभागाशी तिचं नातं संपतं. स्वीडनमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांच्या नोंदींवरून 2006 साली दिसलं, की पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणाच्या मध्ये बीएमआय तीन अंकांनी वाढला तर पुढच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया आणि मृत बाळाचा धोका वाढतो, बाई मुळात जाड नसली तरी. म्हणजे वजनाबद्दल बोलायला, मदत करायला सर्वांत योग्य काळ दोन बाळंतपणांच्या मधला. तेव्हा बाई बाळाला लस द्यायला आरोग्य केंद्रात पुन्हा पुन्हा येत असते. तिथे बाळाचं वजन होतं, कार्डावर लिहिलं जातं. त्याच फेरीत आईची साखर आणि रक्तदाब पाहण्याची सोय करायला नवी इमारत लागत नाही, आणि ती यंदाच सुरू करता येईल.