लघवीवर ताबा राहत नाही? लाजू नका, इलाज आहे

तेलगावच्या फाट्यावर माजलगाव, धारूर, वडवणी आणि परळी अशा चार वाटा मिळतात. दिवाळी सरली की याच फाट्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही जवळच्या सुंदरराव सोळंके कारखान्याच्या उसाला, बऱ्याचशा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन गाडी भरायची. त्या ओझ्याखाली अनेक बायांचे लुगडे ओले होते. खोकला आला, शिंक आली, मोळी उचलली की लघवी नकळत सुटते. बाई हे नवऱ्यालाही सांगत नाही. एखादीने धीर करून सांगितलेच, तर घरातली वडीलधारी म्हणते, "चार लेकरं झाली, आता चालायचंच."

चालायचे कशाला? हा आजार आहे आणि योग्य उपचाराने बहुतेकींना आराम पडतो.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तीच तोलते. बाळंतपणात ती ताणली जाते आणि पुन्हा घट्ट व्हायला तिला वेळ लागतो. पण मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा केला तर दंड. मग बाई ओली बाळंतीण असतानाच फडात उभी राहते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांनीही ही झोळी सैल पडते.

दुसरा प्रकार वेगळा. एकाएकी जोराची लागते आणि आडोसा गाठेपर्यंत थेंब गळतात. यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आवळतो. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा मधुमेह हेही कारण असू शकते. काहींना दोन्ही त्रास एकदम असतात. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढली की लघवी तुंबते आणि भरलेल्या घागरीसारखी थेंबथेंब पाझरते. म्हाताऱ्याच्या धोतराला वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्या सुना-मुलांनी हे ध्यानात घ्यावे.

फडात संडास नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. दोष त्यांचा नाही, पण नुकसान त्यांचेच होते. लघवी कडक होऊन मूत्राशयाला झोंबते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. पाणी तोडू नये, चहा मात्र कमी करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ओटीपोटाची कुठलीही तक्रार घेऊन गेलेल्या बाईला "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाल्याची उदाहरणे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. लघवी गर्भाशयात नसते, मूत्राशयात असते. गर्भाशय काढणे हा लघवी गळण्यावरचा इलाज नव्हे, उलट पुढे हा त्रास होण्याचा धोका त्याने वाढू शकतो. अंग बाहेर येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये.

पहिला इलाज बिनपैशाचा आहे. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो मांडला. लघवी किंवा वारा अडवताना जो भाग आत ओढला जातो तो आवळून पाच आकडे मोजा, मग तेवढाच वेळ सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट व मांड्या ताठ करू नका, श्वास रोखू नका. रोज लघवी करताना मध्येच अडवून हा व्यायाम करू नये. भाकरी थापतानाही जमतो, कोणाला कळतही नाही. मोळी उचलण्याआधी, शिंकेआधी हाच भाग आवळून धरावा. गुण यायला तीन महिने लागतात, तेवढा धीर हवा.

अचानक लागणाऱ्या लघवीसाठी वेळ ठरवून जावे आणि दोन वेळांमधले अंतर हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवावे. त्यावर गोळ्याही आहेत. अंग खाली आलेल्या बाईला आत बसवायचे रबरी कडे मिळते. व्यायामाने भागले नाही, तर मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रिया असते.

लघवीतून रक्त आले, लघवी पूर्ण तुंबली किंवा पायांतले बळ एकाएकी गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी झिरपत असेल, तर मूत्राशयाला छिद्र पडलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेने बुजवता येते. अशा बाईला न्हाणीघराजवळ वेगळे बसवणे हा अन्याय आहे.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाण्याआधी तीन दिवस टिपून ठेवा: किती पाणी प्यालात, लघवीला कितीदा गेलात, कधी आणि काय करताना गळाली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी लेक वहीच्या मागच्या पानावर लिहून देईल.