जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. आधी विंडोजच्या आतच लिनक्स चालवून बघा

यवतमाळ : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरकर्त्यांनी वेगळी नोंदणी केली असेल तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बऱ्याच जुन्या मशीनवर ते चढत नाही. मग सेवा केंद्रातला किंवा पोराच्या अभ्यासासाठी घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर विकायचा का?

दुसरा रस्ता लिनक्सचा आहे. लिनक्स मिंट फुकट मिळते आणि मराठीतही चालते. आपल्या सरकारच्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे. पण थेट विंडोज पुसून लिनक्स टाकलं आणि प्रिंटर किंवा अंगठ्याची मशीन चाललीच नाही, तर धंदा बसतो. म्हणून आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

घरात एक खोली भाड्याने द्यावी तसं हे आहे. कॉम्प्युटरची थोडी रॅम आणि थोडी हार्डडिस्क लिनक्सला द्यायची. ते एका खिडकीत चालतं, बाकी विंडोज जसंच्या तसं राहतं. नाही पटलं तर भाडेकरू काढून टाकायचा, घराला धक्का नाही.

काय लागेल?

कमीत कमी ८ जीबी रॅम आणि ४० जीबी मोकळी जागा. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयू बघा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'डिसेबल्ड' दिसलं तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

कसं करायचं?

१. ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स त्यांच्याच वेबसाइटवरून उतरवा. मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे.

२. लिनक्स मिंटची आयएसओ फाइलही त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या. ती जवळपास ३ जीबीची आहे. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक पुरणार नाही, वायफाय असेल तिथून उतरवा.

३. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'न्यू' दाबा, नाव द्या, आयएसओ फाइल निवडा. 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन'चा पर्याय घेऊ नका.

४. रॅम ४०९६ एमबी, प्रोसेसर २ आणि डिस्क ३० जीबी द्या.

५. 'स्टार्ट' दाबा. लिनक्सचा पडदा आला की 'इन्स्टॉल'वर क्लिक करा आणि भाषा मराठी निवडा.

इथे घाबरू नका

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' म्हणजे डिस्क पुसू का, असं विचारतं. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत हा प्रश्न आला तर फक्त आपण दिलेली ३० जीबीची खोटी डिस्क पुसली जाते. पण हाच प्रश्न पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केल्यावर आला आणि 'हो' म्हटलं, तर फोटो, कागदपत्रं, सगळं जातं. दोन्हीतला फरक नीट लक्षात ठेवा.

काय तपासायचं?

वरच्या 'डिव्हाइसेस' मेनूतून यूएसबी निवडून प्रिंटर, अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचं टोकन एकेक जोडून बघा. मराठी टायपिंग, रोजच्या वेबसाइट, जुन्या वर्ड-एक्सेलच्या फाइलही उघडून बघा. ज्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी आहे, ते इथेच कळेल. तसं निघालं तर त्या कामापुरतं विंडोज ठेवावंच लागेल.

मात्र कॉम्प्युटरचं वायफाय आणि ग्राफिक्स इथे तपासता येत नाही, कारण आतल्या लिनक्सला खरं हार्डवेअर दिसत नाही. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघा, इन्स्टॉल करू नका. ज्यांच्याकडे ४ जीबीच रॅम आहे त्यांनीही हाच मार्ग धरावा.

आणखी दोन गोष्टी

लाइट जाण्याची वेळ असेल तेव्हा इन्स्टॉल करायला बसू नका. आणि आत लिनक्स चालतं म्हणून बाहेरचं विंडोज १० सुरक्षित होत नाही. ही फक्त चाचणी आहे. आठ-पंधरा दिवस रोजचं काम त्यात करा, सगळं जमलं तर कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि मगच विंडोज पुसा.