सांथीचें गणित

सक्करदऱ्यास आमच्या घरीं लहानमोठीं सोळा माणसें आहेत. मध्यंतरीं दीड वर्षाच्या नातवाची गोंवराची दुसरी टोंचणी राहून गेली. तेव्हां घरांतच कोणी म्हणालें, "बाकीच्या मुलांना टोंचलें आहे ना? एकानें काय बिघडतें?" आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, पण ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस गणितांत सांपडलें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तो वर्षानुवर्षें ठाण मांडून बसला. डिसेंबर १९०५ पासून जुलै १९०६ पर्यंत तेथें झालेल्या प्लेगच्या मृत्यूंचे आंकडे केर्मॅक व मॅकेंड्रिक ह्या स्कॉटिश विद्वानांनीं १९२७ सालच्या आपल्या प्रबंधांत घेतले. मॅकेंड्रिक पूर्वीं हिंदुस्थानांत सरकारी वैद्यकखात्यांत होते. केर्मॅक प्रयोगशाळेंतील अपघातानें अंध झालेले! त्यांनीं वस्तीचे तीन वर्ग कल्पिले: ज्यांना रोग जडूं शकतो ते, ज्यांना जडला आहे ते, आणि बरे होऊन वा मरून त्यांतून सुटलेले. पहिला वर्ग घटला कीं रोगास नवें माणूस मिळेनासें होतें, आणि सर्वांना गांठण्यापूर्वींच सांथ ओसरते.

प्लेग उंदीर व पिसवांमार्फत पसरतो, म्हणून तेथें हें गणित स्थूलच. गोंवर मात्र माणसाकडून माणसास जातो. कोणीच सुरक्षित नसेल, तर एक रोगी सुमारें पंधरा जणांस तो देतो. त्यांतले चौदा सुरक्षित असले तर एकाचा एकच होईल. त्याहून अधिक असले तर सांथ विझेल. तेराच राहिले, तर एकाचे दोन, दोहोंचे चार, चोहोंचे आठ! चौदा भागिले पंधरा म्हणजे शेंकडा ९३ हून अधिक. कांहींना टोंचूनही शक्ति येत नाहीं, म्हणून वैद्य शेंकडा ९५ मुलांना दोन्ही टोंचण्या हव्यात असें सांगतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोंवर उसळला, तेव्हां लस न मिळालेलीं मुलें त्यांत पुष्कळ होतीं.

म्हणजे पंधरांत एकाचीही सवलत पुरती नाहीं. आणि आमच्या घरांत ती आधींच कोणाची तरी आहे. धाकट्या सूनबाईंची मुलगी पांच महिन्यांची. नऊ महिने भरल्यावांचून तिला ही लस मिळत नाहीं. तोंवर तिचें रक्षण इतरांच्या दंडांवरच आहे. "एकानें काय बिघडतें" असें म्हणणारा तिचीच जागा बळकावतो.

नातवास दुसऱ्याच दिवशीं टोंचून आणलें. थोडा रडला, आणि मग तान्हीच्या पाळण्याची दोरी ओढीत बसला. वाचकहो, आपल्या घरांतील टोंचणीचीं कार्डें आजच एकदां काढून पाहावींत.