अंगणातील भूर्ज : मोह पांढऱ्या सालीचा, निवड स्थानिक जातीची

हिमालयातील भूर्जवृक्षाची साल म्हणजेच भूर्जपत्र. कागदाचा प्रसार होण्यापूर्वी काश्मीरमध्ये ग्रंथलेखनासाठी तिचा सर्रास वापर होत असे. ‘भूर्ज’ आणि इंग्रजीतील ‘बर्च’ हे शब्दही एकाच प्राचीन मुळातून आलेले. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे झाड आपल्या अंगणात असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. हिमालयी भूर्जाचा शुभ्र सालीचा प्रकार तेथील रोपवाटिकांत मिळतोही. १८३२ मध्ये मुंबईत निधन पावलेले फ्रेंच निसर्ग अभ्यासक व्हिक्टर जॅकमाँ यांचे नाव त्याला देण्यात आले आहे.

मात्र पूर्व अमेरिकेत हे झाड बहुधा फार काळ तग धरत नाही. ‘ब्राँझ बर्च बोअरर’ हा भुंगेरा त्याचा मुख्य शत्रू. त्याच्या अळ्या सालीखालचा भाग पोखरतात, अन्नरसाचा प्रवाह तुटतो आणि झाड शेंड्याकडून वाळू लागते. हा कीटक मूळचा उत्तर अमेरिकेतलाच असल्याने तेथील भूर्जांमध्ये त्याला तोंड देण्याची क्षमता कमी-अधिक प्रमाणात विकसित झाली. आशिया व युरोपातील जातींमध्ये ती जवळजवळ नाही. अमेरिकेतील पांढऱ्या सालीचा ‘पेपर बर्च’ही थंड प्रदेशातला, उष्ण, कोरड्या अंगणात तो दुबळा होतो आणि किडीला बळी पडतो.

यावर उत्तम पर्याय म्हणजे ‘रिव्हर बर्च’. नदीकाठी वाढणारा हा स्थानिक वृक्ष उष्णता सोसतो आणि या किडीला सहसा दाद देत नाही. त्याची साल शुभ्र नसते. दालचिनी रंगाचे तिचे पापुद्रे सुटत राहतात. झाड ४० ते ७० फूट उंच होत असल्याने ते घरापासून पुरेसे दूर लावावे. माती आम्लधर्मी हवी. चुनखडीयुक्त मातीत लोह शोषले न गेल्याने पाने पिवळी पडतात. मुळे उथळ असल्याने बुंध्याभोवती दोन-तीन इंच जाडीचे लाकडी भुशाचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. पावसाने ओढ दिल्यास सावकाश, खोलवर पाणी द्यावे. भुंगेरे उडण्याच्या दिवसांत, म्हणजे मे ते ऑगस्टदरम्यान, कोणत्याही भूर्जाची छाटणी टाळावी. ताज्या जखमा त्यांना आकर्षित करतात.